बंदोबस्ताची माणसं

डोंबिवलीचा माणूस पोलीस ठाण्यात सहसा तोंडी तक्रार घेऊन जात नाही. तो अर्ज घेऊन जातो. अर्जाला विषय असतो, मागच्या अर्जाचा संदर्भ असतो, सोबत झेरॉक्स असतात आणि तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून पोलीस आयुक्तांपासून मुख्यमंत्र्यांपर्यंतची यादी असते. बँकेत, मंत्रालयात, रेल्वेत नोकऱ्या केलेल्यांचं हे शहर. कागदावर त्याचा भारी विश्वास. हा कागद ज्याच्या टेबलावर पडतो त्याला ठाणे अंमलदार म्हणतात. बहुधा तो हवालदार असतो किंवा सहायक फौजदार. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून गळणारं पाणी, सोसायटीतलं पार्किंग, रात्री साडेदहानंतरचा डीजे, ओटीपी सांगून बसलेले निवृत्त गृहस्थ, मुलगा अमेरिकेत आणि दोन दिवस फोन न उचलणाऱ्या शेजारच्या आजी, हे सगळं त्याच्यापुढे येतं. यातलं निम्मं पोलिसांचं काम नाही, हे त्याला ठाऊक असतं आणि अर्जदारालाही. तरी अर्ज घेतला जातो, शिक्का मारला जातो, पोच दिली जाते.

रामनगर, टिळकनगर, विष्णुनगर आणि मानपाडा ही डोंबिवलीच्या रोजच्या बोलण्यातली चार ठाणी. पहिली दोन पूर्वेला, विष्णुनगर पश्चिमेला, आणि मानपाडा म्हणजे एमआयडीसीपासून कल्याण–शीळ रस्त्यापर्यंत पसरलेला अवाढव्य पसारा. ही सगळी १९८१ साली स्थापन झालेल्या ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या कल्याण परिमंडळात येतात. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. त्यानंतर २७ गावं महापालिकेत आली, खाडीपलीकडे आणि शीळ रस्त्याला टॉवरांची रांग लागली. माणसं वाढली त्या वेगाने ठाणी वाढली नाहीत, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. संध्याकाळी कल्याण–शीळ रस्त्यावरून एकदा जाऊन यावं.

पोलीस ठाण्याचा कणा म्हणजे स्टेशन डायरी. कोण हजर झालं, कोण गस्तीला गेलं, आरोपीला किती वाजता आणलं, वैद्यकीय तपासणीला किती वाजता नेलं, साहेब किती वाजता घटनास्थळी निघाले, सगळं वेळेनिशी आणि अनुक्रमांकाने लिहायचं. कोर्टात वर्षानुवर्षांनी उलटतपासणी होते तेव्हा वकील याच नोंदींवर बोट ठेवतो. गुन्हेगाराच्या मागे धावणारा पोलीस सिनेमात दिसतो. प्रत्यक्षातला पोलीस नोकरीचा मोठा भाग लिहिण्यात घालवतो: फिर्याद, पंचनामा, जबाब, मुद्देमालाची नोंद, दोषारोपपत्र. १ जुलै २०२४पासून नवे फौजदारी कायदे आले आणि हे सगळं नव्या कलमांत लिहायची वेळ आली. ज्यांची हयात भारतीय दंड विधानाची कलमं तोंडपाठ म्हणण्यात गेली, त्यांना खून ‘तीनशे दोन’ म्हणायचा नाही, ‘एकशे तीन’ म्हणायचा, हे पन्नाशीत शिकावं लागलं.

डोंबिवलीत आणखी एक गुंता आहे, तो रुळांचा. रेल्वेने शहराचे दोन तुकडे केलेत आणि मधल्या पट्ट्यावर पोलीसही वेगळे. फलाटावर उभे असाल तर हद्द लोहमार्ग पोलिसांची. जिना उतरून रिक्षा स्टँडवर आलात की शहर पोलिसांची. शिवाय रेल्वेच्या मालमत्तेसाठी केंद्राचं रेल्वे सुरक्षा दल. खाकी तिघांचीही, त्यामुळे पाकीट मारलं गेलेला माणूस चुकीच्या खिडकीशी उभा राहणार हे ठरलेलंच. आता शून्य क्रमांकाने गुन्हा कुठेही नोंदवता येतो, पण हे प्रवाशाला माहीत हवं आणि खिडकीमागच्यालाही मान्य हवं.

लोहमार्ग पोलिसाच्या कामाविषयी आपण फारसं बोलत नाही, कारण ते ऐकवत नाही. डोंबिवली–कोपर–दिवा–मुंब्रा हा मध्य रेल्वेवरच्या जीवघेण्या गर्दीचा टापू. सकाळच्या गाडीतून कोणी पडलं, रूळ ओलांडताना कोणी सापडलं, की स्टेशन मास्तरचा निरोप येतो आणि दोन पोलीस हमालांना घेऊन रुळांवरून चालत निघतात. वरून गाड्या सुरूच असतात. देह उचलायचा, पंचनामा करायचा, अकस्मात मृत्यूची नोंद करायची. खिशातला पास बघायचा, मोबाईल चालू असेल तर त्यावर येणारा फोन घ्यायचा. ‘पोहोचलास का रे?’ असं विचारणाऱ्या बाईला उत्तर द्यायचं काम कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवून येत नाही. ओळख पटली नाही तर फोटो आणि वर्णन ठाण्याठाण्यांत पाठवून वारस शोधायचा. हे करणारा शिपाई संध्याकाळी त्याच गर्दीत, त्याच दारात लटकून घरी जातो.

हे वाक्य अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत होत्या आणि दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. त्या दिवशी चौघांचा मृत्यू झाला. त्यांतला एक जण ठाणे लोहमार्ग पोलीस ठाण्याचा तरुण शिपाई होता. इतरांचे पंचनामे करणाऱ्या खात्याला त्या सकाळी आपल्याच माणसाचा पंचनामा करावा लागला. त्याच्या हातात ना बंदूक होती ना समोर अतिरेकी. त्याला लोकलच्या गर्दीने मारलं. मुंबईत नोकरी करणारे कितीतरी पोलीस डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूरला राहतात, कारण मुंबईत सरकारी घर मिळत नाही आणि भाड्याचं परवडत नाही. बारा तासांच्या पाळीला वर तीन-चार तासांचा प्रवास चिकटतो. त्यांचा दिवस मोजायचा तर तो घराच्या उंबरठ्यापासून मोजायला हवा.

त्या शिपायाच्याच मुंबई लोहमार्ग पोलीस आयुक्तालयातले निरीक्षक शशांक शिंदे २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांना सामोरे गेले आणि मारले गेले. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. त्या रात्रीच्या संदर्भात हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे ही नावं महाराष्ट्राला पाठ आहेत आणि असायलाच हवीत. पण सीएसएमटीच्या फलाटावरून रोज घरी परतणाऱ्या डोंबिवलीकराला त्याच स्थानकात पडलेल्या निरीक्षकाचं नाव विचारलं, तर किती जण सांगतील याची मला शंका आहे.

जीव जाणं हा त्यागाचा शेवटचा टप्पा. त्याच्या अलीकडे रोज, हप्त्याहप्त्याने जे जातं, ते म्हणजे वेळ. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम २८ नुसार पोलीस हा सदैव कर्तव्यावर असल्याचं मानलं जातं. रजेवर असला, झोपला असला तरी. कायद्याने हे एका ओळीत मांडलं. ती ओळ घरात कशी जगली जाते हे पोलीस लाइनीतल्या बायकांना विचारावं. मुलाच्या दहावीच्या निकालाला बाप नाही, सासऱ्यांच्या दिवसांना जावई उशिरा, आणि गणपती? घरी बसवायचा की नाही यावरच दर वर्षी चर्चा, कारण विसर्जनाच्या दिवशी घरचा कर्ता पुरुष दुसऱ्यांच्या मूर्ती पाण्यात उतरवत उभा असणार. खात्यात बाई असेल तर प्रश्न दुप्पट. उभ्या बंदोबस्तात बारा-पंधरा तास, जवळ स्वच्छतागृह नाही, घरी तान्हं मूल.

आणि डोंबिवली हे तर सण रस्त्यावर आणून साजरे करणारं शहर. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा इथे १९९९ साली सुरू झाली आणि मग ती प्रथा राज्यभर गेली. हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाई लोटते. दहीहंडी, नवरात्र, निवडणुका, नेत्यांचे दौरे, मोर्चे हे वेगळंच. या प्रत्येकाच्या आदल्या दिवशी ठाण्यात बंदोबस्ताचा कागद लागतो: कोण कुठल्या चौकात, किती वाजता हजर. सुटायची वेळ मात्र कागदावर नसते. यात्रेतला पोलीस कधी नीट पाहिला आहे का? लेझीम, चित्ररथ, नऊवारीतल्या दुचाकीस्वार मुली यांच्याकडे त्याची पाठ असते. तो बघतो गर्दीकडे. सोहळा बघायला बंदी असलेला तिथला तो एकटाच.

२३ एप्रिल २०२५चा बंदोबस्त वेगळा होता. आदल्या दिवशी पहलगामच्या हल्ल्यात डोंबिवलीचे तिघे मारले गेले होते. त्या संध्याकाळी भागशाळा मैदानात अवघं शहर जमलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मनात संताप. अशा गर्दीला लाठीने आवरता येत नाही आणि मोकळंही सोडता येत नाही. बंदोबस्तातले कित्येक पोलीस याच शहरात राहणारे. त्यांनाही रांगेत उभं राहून फूल वाहायचं असेल. त्यांनी दोर धरला.

एमआयडीसीने मानपाडा ठाण्याला शिकवलेला धडा आणखी वेगळा. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, बारा माणसं गेली, दीड-दोन किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत पुन्हा तेच. दहाहून अधिक बळी, आणि देह अशा अवस्थेत की ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. स्फोटानंतर माणसं पळतात ती बाहेरच्या दिशेला. अग्निशमन दल आणि पोलीस आत जातात. अग्निशामकाकडे निदान मुखवटा आणि सूट असतो, पोलिसाकडे रुमाल. हवेत कोणतं रसायन आहे हे माहीत नसताना तो रस्ता अडवतो, रुग्णवाहिकेला वाट काढून देतो, नातेवाइकांना थोपवतो. नंतरचे आठवडे नमुने, जबाब आणि ‘आमचा माणूस सापडला का’ विचारणाऱ्यांना सामोरं जाण्यात जातात. दोन स्फोटांमध्ये आठ वर्षांचं अंतर असूनही शहाणपण आलं नाही, याचा दोष पोलिसांकडे जात नाही. पण त्याची किंमत मोजणाऱ्यांत ते पहिल्या रांगेत आहेत.

ठाणे आयुक्तालयाच्या इतिहासात भिवंडीचं पान वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी होरपळलेलं ते शहर. तिथे १९८८च्या सुमारास उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं, रिक्षावाले, यंत्रमाग कामगार, दुकानदार, एका टेबलाशी दर थोड्या दिवसांनी बसवायची आणि त्यांच्यासोबत बीटचा हवालदारही. अफवा आली की आधी एकमेकांना विचारायचं. यात थरार काही नाही. चहा, सतरंजी आणि तासन्‌तास ऐकून घेणं. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. माझ्या मते ठाणे पोलिसांनी केलेली ही सगळ्यांत मोठी कामगिरी आहे, आणि गोळी न झाडल्याबद्दल शौर्यपदक देण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

त्याच भिवंडीत ५ जुलै २००६ रोजी नव्या पोलीस ठाण्याच्या जागेच्या वादातून दगडफेक झाली, पोलीस गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर जमावाने जगताप आणि गांगुर्डे या दोन पोलिसांना ठार मारलं. जमवलेला विश्वास किती लवकर सांडतो, याचा हा पुरावा.

२०१६ साली दोन घटना लागोपाठ घडल्या. ऑगस्टमध्ये मुंबईत खार इथे वाहतूक हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन मुलाला अडवलं. त्यांच्या डोक्यात घाव घातला गेला आणि ३१ ऑगस्टला त्यांचं निधन झालं. पुढच्याच आठवड्यात दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनावेळी कल्याण पूर्वेला तिसगावच्या तलावावर रांगेची शिस्त लावणाऱ्या एका उपनिरीक्षकाला टोळक्याने पाण्यात ढकलून बुडवण्याचा प्रयत्न केला. ते बचावले. या दोन्ही ठिकाणी अतिरेकी नव्हते. ‘तू कोण मला सांगणार’ असं वाटणारी आपल्यातलीच मुलं होती.

आता दुसरी बाजू. पोलिसांविषयी लिहिताना फक्त आरती ओवाळायची असेल तर न लिहिलेलं बरं. २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराचा गुन्हा नोंदवायला दिरंगाई झाली, त्यासाठी पोलीस निलंबित झाले, आणि ते योग्यच झालं. २० ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्थानकात दिवसभर रेल्वे रोखून धरली. संतापाचं कारण खरं होतं. पण त्या दिवशी रुळांवर दगड खाणाऱ्या शिपायांचा त्या दिरंगाईशी काही संबंध नव्हता. खातं चुकतं तेव्हा हिशेब बहुतेकदा असाच चुकता होतो: खुर्चीतल्याची चूक, रस्त्यावरच्याचं डोकं. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात एका आमदाराला अटक झाली. लोकप्रतिनिधी ठाण्यात शस्त्र घेऊन बसू शकतात अशा प्रदेशात ‘पोलिसांनी निर्भीडपणे काम करावं’ असा उपदेश करणं सोपं आहे. कौतुक करताना जाब विचारायचा हक्क सोडून द्यायचा नसतो. खरं तर चांगलं काम कोणतं हे ओळखणाऱ्यालाच वाईट कामाचा राग धरण्याचा अधिकार आहे.

करोनाच्या काळातलं आपल्याला आठवतंच. मार्च २०२०मध्ये आपण गॅलरीत थाळ्या वाजवल्या तेव्हा खाली नाक्यावर पोलीस होते. एप्रिलअखेरीस मुंबईत काही पोलिसांचे मृत्यू झाल्यावर ५५ वर्षांवरच्यांना घरी थांबायला सांगण्यात आलं. साथ ओसरेपर्यंत राज्याने पाचशेच्या आसपास पोलीस गमावले. थाळ्यांचा आवाज त्याच्या कितीतरी आधी थांबला होता.

मुळातली अडचण अशी की पोलिसाला स्वतःसाठी काही मागता येत नाही. शिक्षक, परिचारिका, एसटीचे चालक संप करू शकतात, मोर्चा काढू शकतात. पोलिसांच्या संघटनास्वातंत्र्यावर १९६६च्या केंद्रीय कायद्याने बंधनं आहेत. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईतल्या पोलीस शिपायांचं आंदोलन भडकलं होतं. ते मोडून काढण्यात आलं, संघटनेची मान्यता गेली. तेव्हापासून गाऱ्हाणी बराकीत आणि स्वयंपाकघरात बोलली जातात.

तरीही आतून काही सरकलं. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातले शिपाई रवींद्र पाटील यांनी पाळ्यांची नवी मांडणी करून आठ तासांची ड्युटी कशी शक्य आहे हे कागदावर दाखवलं. मुंबईचे तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी शिपायाचं म्हणणं ऐकलं. मे २०१६मध्ये देवनारला प्रयोग सुरू झाला आणि १ जानेवारी २०१७पासून मुंबईतल्या सर्व ठाण्यांत. पुढे मनुष्यबळाअभावी आणि साथीमुळे घडी विस्कटली. २०२२च्या सुरुवातीला महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश निघाला, त्याच वर्षी किरकोळ रजा १२ वरून २० झाल्या. रजा हक्काची झाली, मिळणं अजून साहेबांच्या आणि सणांच्या मर्जीवर आहे.

दर २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात. १९५९ साली याच दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याशी लढताना केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान पडले होते. त्या संचलनात वर्षभरात कर्तव्यावर मेलेल्यांची नावं मोठ्याने वाचली जातात. २ जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन असतो. १९६१मध्ये त्या दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते दलाला ध्वज मिळाला. त्या आठवड्यात शाळेची मुलं ठाण्यात जातात, वायरलेस बघतात, बेडी हातात घालून बघतात. हे छान आहे. रक्षाबंधनाला राख्या, दिवाळीला फराळ, हेही मनापासून असतं आणि पोलिसांना ते आवडतं. पण फराळाचा डबा चौकातच खावा लागतो, तेव्हा तो घरच्या पाटावर खायची मुभा मिळवून देता येते का, हे बघायला हवं.

ती मुभा काही अंशी आपल्याच हातात आहे. विसर्जन मिरवणूक पहाटेपर्यंत रेंगाळली तर रस्त्यावरचा प्रत्येक पोलीस पहाटेपर्यंत उभा राहतो आणि सकाळी पुन्हा हजेरीला जातो. म्हणून डोंबिवलीतल्या मंडळांना एक विनंती. या वर्षी पोलिसांचा सत्कार करायचाच असेल तर शाल-श्रीफळ राहू द्या. मिरवणूक ठरल्या वेळी काढा, विसर्जनाच्या ठरल्या वेळेच्या दोन तास आधी मूर्ती पाण्यात उतरवा, रांगेला आपले स्वयंसेवक लावा आणि शेवटच्या माणसासोबत बंदोबस्तालाही घरी जाऊ द्या.